शांतवनकाकांची पावती

दारव्ह्याच्या आमच्या चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरू लागली की लोक डोळे मिटतात. काही भक्तीने मिटतात, काही थैली पुढे जाईपर्यंत. शांतवनकाका एकटे डोळे टक्क उघडे ठेवून दहाची नोट थैलीत टाकतात आणि लगेच तळहात पुढे करतात. पंचकमिटीत मी नवाच होतो, थैली माझ्या हातात होती. मला वाटलं, त्यांना सुटे हवे असतील. मी हळूच विचारलं, "किती परत करू, काका?"

"परत कायले? पावती दे."

त्या रविवारी मी पावतीपुस्तक शोधत होतो, म्हणून तीन कडव्यांचं गीत लोकांना दोनदा म्हणावं लागलं. शेवटी कमिटीने तडजोड काढली. उपासनेत पावती फाडायची नाही, विजूने ती दुपारी काकांच्या घरी नेऊन द्यायची. विजू म्हणजे मी. तेव्हापासून माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

काकांनी तीस वर्षं दारव्ह्यात कृषी केंद्र चालवलं. कपाशी, तूर, सोयाबीन, काहीही विकलं तरी गिऱ्हाइकाला एकच मंत्र देत, "पिशवी, टॅग आन् पावती जपून ठेवजो. उगवलं नाही त हेच कामी पडते." पुढे त्यांनी दुकान पुतण्याला दिलं, मंत्र मात्र स्वतःकडे ठेवला. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांनी पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, पोरगं किंचाळलं, आम्ही सगळे गहिवरलो, आणि काका माझ्या कानाशी लागले, "सर्टिफिकेट घेतलं ना?"

तीनेक वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक बडे प्रचारक आले होते. पांढरे बूट, गालाला चिकटलेला माइक, तीन दिवस मांडव. विश्वासाचं बियाणं पेरा आणि शंभरपट कापा, असं म्हणत त्यांनी दानाची पाकिटं वाटली. बियाणं हा शब्द ऐकला आणि काका उभे राहिले.

"साहेब, लॉट नंबर काय? उगवणशक्ती किती टक्के? आन् नाही उगवलं त तक्रार कोणाजवळ कराची?"

प्रचारक गोड हसले. पेरणाऱ्याचा विश्वास कमी पडला तरच उगवत नाही, म्हणाले.

"बरोबर हाय. आमच्यावाल्या कंपन्या पाऊस कमी पडला म्हणत."

अर्धा मांडव हसला. त्यांच्या बायकोने, सुवार्ताकाकूंनी, सदरा ओढून काकांना खाली बसवलं. काकू तेव्हा आजारी होत्या, नागपूरच्या चकरा चालू होत्या. सहा महिन्यांनी त्या गेल्या. काकांना मूलबाळ नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तरुण पाळकसाहेबांनी छपरासाठी वर्गणी मागितली. पावसाळ्यात पेटीवर बादली ठेवावी लागते, त्यामुळे पेटी वाजवणारा बादलीमागूनच दिसतो. मागणी रास्त होती. पण सगळ्यांनी माना वळवून काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, आधी छापील पावतीपुस्तक आणा. पाळकसाहेबांनी आणलं. मग काकांना कार्बन कॉपी हवी झाली. तीही आली. मग पावतीवर 'कारण' असा रकाना हवा झाला. पाळकसाहेब भला माणूस, स्वतः यवतमाळला जाऊन पुस्तकं पुन्हा छापून घेऊन आले.

तोवर मंडळीतल्या कवडीचुंबकांचं मात्र चांगलंच फावलं. ज्यांनी जन्मात थैलीत नाण्यापलीकडे काही टाकलं नव्हतं, ते छातीवर हात ठेवून सांगू लागले की आमचा विरोध तत्त्वाचा आहे, शांतवनकाका देतील त्या दिवशी आम्हीही देऊ. मृग आठवड्यावर आला तरी एक पत्रा आला नव्हता. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. लोक आपल्याला त्या पांढऱ्या बुटांच्या रांगेत बसवतात, हे त्यांना लागलं होतं.

मला काकांचा राग आला होता. त्या रविवारी दहाची पावती घेऊन गेलो तो भांडायच्या तयारीनेच. काकांनी नेहमीसारखा चहा ठेवला, चष्मा पुसला, सही, तारीख, रकाना तपासला. दहा रुपयांच्या पावतीला त्यांना नेहमी तासभर लागतो. मी विचारलं, या भल्या माणसावर तुमचा एवढा अविश्वास काहून?

काका उठले. बियाण्याच्या जुन्या डब्यातून त्यांनी एक चिठोरं काढलं. त्याच प्रचारकांच्या पाकिटाची ती चिठ्ठी होती. मागे पेनाने लिहिलं होतं, 'सोन्याची कानातली फुलं मिळाली', आणि खाली कुणाची तरी सही.

"तुह्या काकूनं देल्ली. मले न सांगता. चिठ्ठी तांदळाच्या कोठीत सापडली, काकू गेल्यावर."

त्या अख्ख्या मांडवात पावती मागून घेणारी ती एकटीच असेल. बायको कोणाची होती! मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. चिठ्ठी उलटली. पुढच्या बाजूला 'प्रार्थनेचं कारण' असं छापलं होतं. मला वाटलं, दुखणं बरं व्हावं म्हणून लिहिलं असेल. काकूंचं अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं. 'माझ्यामागं यांना एकटं वाटू नये.'

काका चहाकडे पाहत म्हणाले, "टॅग हाय, पावती हाय. नाही उगवलं. आता तक्रार कोणाजवळ करू?"

मी चिठ्ठी घडी करून परत दिली. काकांनी डब्याच्या तळातून नोटांची एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. फुलांची आजची किंमत सराफाला विचारून आलो, तेवढेच आहेत, म्हणाले. छपराले लाव. पाळकसाहेबाले सांगजो, पोरगा चांगला हाय, तीनदा पुस्तक छापूनही चिडला नाही.

मी पावतीपुस्तक मांडीवर घेतलं, कार्बन सारखा केला, पेनाचं टोपण काढलं. काकांनी माझा हात धरला.

"आता नोको फाडू. पुढच्या इतवारी घेऊन येजो. चहा ठेवतो."

मी टोपण लावलं. येतो म्हणालो, आणि आणखी अर्धा कप मागितला.