पुलावरचे तिघे

जगात एका हुकूमशहाला 'ए बारक्या' म्हणणारा बहुधा एकच माणूस असेल, आणि तो प्रकाशा गावात आमच्या पोस्टामागे राहतो! भटूआप्पा. निवृत्त नाईक, वय अडुसष्ट, आवाज अजून परेडचा. मोबाईलवर त्या माणसाची मिरवणूक दिसली की आप्पा गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडतात, "बारक्या, टोपी शिधी कर!"

थाप वाटली ना? मलाही वाटली होती. पण फोटो आहे! तीस वर्षांपूर्वी आप्पा शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका युद्धात गेले. देशाचं नाव सांगत नाही, पत्रव्यवहार चालू आहे. तिथे एका पुलावर तिघांचा पहारा होता. आप्पा, तिथलाच एक साधा शिपाई योसेफ, आणि चौकीचा प्रमुख, तोही तिथलाच, एक हडकुळा लेफ्टनंट. तोच आजचा हुकूमशहा! पुलावर हल्ला झाला, लेफ्टनंटच्या मांडीत गोळी घुसली, आणि आप्पा त्याला खांद्यावर टाकून दोन मैल पळाले.

"माले काय मालूम, हाऊ इतला मोठा व्हई!" आप्पा म्हणतात. आप्पांनी नेलेल्या नंदुरबारी मिरचीचा ठेचा खाऊन तो ढसाढसा रडला होता म्हणे. आज त्याच्या देशात त्याच्यापुढे मिरची ठेवायचीही कुणाची छाती नाही.

आप्पा त्याला दर महिन्याला पत्र पाठवतात. ते सांगतात, मी पोस्टमास्तर म्हणून इंग्रजीत लिहितो. आप्पा सांगतात, "लिख मास्तर, लोकेसवर गोळ्या काबर झाडी ऱ्हायना? लाज शे का?" मी लिहितो, 'महामहिम, आपली प्रकृती ठीक असावी.' उत्तर कधीच आलं नाही.

परवा टपालाची थैली उघडतच होतो, तोच आप्पा धापा टाकत आत शिरले. हातात मोबाईल, पायात एकच चप्पल! पडद्यावर बेड्या घातलेल्या माणसांची रांग होती, त्यात एक पांढऱ्या केसांचा म्हातारा.

"योसेफ! योसेफ शे हाऊ! बारक्यानी त्याले जेलमा टाका!"

योसेफ भर सभेत सरकारविरुद्ध बोलला होता. अशी माणसं तिथे परत येत नाहीत, हे बातमीतच होतं. मी घाईघाईने कागद ओढला.

"लिख. योसेफले सोड. त्यानी जागावर मी बससू."

मला हसू आलं. "आप्पा, तुरुंगात कुणी कुणाच्या बदली बसतं का?"

"पहारामा बसतस." आप्पा बाकावर टेकले. आवाज एकदम उतरला. "मन्ही बाई गयी, तवय तठे तार उनी. सुट्टी नही भेटनी. चार दिन योसेफनी सोतानी ड्युटी करी, मन्ही बी करी. आते मन्हा नंबर शे."

आप्पा तिकडे पहाऱ्यावर असताना त्यांची बायको वारली, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

"ड्युटी बदलाले साहेबनी सही लागे. तवय बारक्यानीच करी व्हती. माले म्हने, जा, रडी ले. त्याले सांग, तशीच एक सही कर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागदावरचं दिसेना. तरी विचारलं, "किती दिवसांची बदली लिहू, आप्पा?"

"त्याना जितला बाकी शेतस तितला लिख. मन्ही वाट देखाले घर कोणी नही."