लेले काकांची तालीम

हिरो पडद्यावर येतो, अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून लेले काका पडद्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बघ, याने काहीही केलेलं नाही."

पुढच्या रांगेतले लोक वळून बघतात. त्यांना मराठी कळत नाही, हे आमचं नशीब.

काकांचं म्हणणं असं, की तुफान चालणाऱ्या सिनेमात नटाने फक्त वेळेवर हजर राहायचं असतं. "अरे, मघापासून गावातला जो तो याच्या नावाने थरथर कापतोय. ते लेखकाने कापायला लावलंय. दिग्दर्शकाने आधी नुसते बूट दाखवले, मग पाठ दाखवली. आता हा बापडा वळून गॉगल काढणार. एवढ्यावर तू शिट्टी मारणार?"

मी शिट्टी मारलेली नसते. मला ती येतच नाही.

तोच हिरो पुढच्या सिनेमात ओंडक्यासारखा वावरला, तेव्हा मी जरा खुशीत म्हटलं, "काका, आता तरी दोष नटाचा ना?"

"छे! त्याला रड म्हणून सांगितलंय, पण कशासाठी ते लिहिलंच नाही. मग तो डोळ्यांतून नुसतं पाणी गाळणार, दुसरं काय करणार?"

लेले काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून बदली होऊन कोलकात्याला आले, इथेच निवृत्त झाले आणि शहराच्या बेहाला भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सिनेमाच्या धंद्याशी त्यांचा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण दिग्दर्शन अंगात भिनलेलं. एकदा एस्प्लनेडहून परतताना बसचा कंडक्टर दारात अडून उभ्या राहिलेल्या एका प्रवाशावर तारस्वरात ओरडत होता. काका उठले, कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या पुणेरी बंगालीत म्हणाले, "दादा, आस्ते बोलुन. लोके बेशी भय पाबे." हळू बोला, लोक जास्त घाबरतील. कंडक्टरने चक्रावून आवाज खाली आणला आणि खरोखरच तो प्रवासी मुकाट्याने बाजूला झाला. काका जागेवर येऊन बसले आणि बेहाला येईपर्यंत मला त्या कंडक्टरच्या अभिनयातल्या उरलेल्या चुका सांगत राहिले.

घरात मात्र त्यांचं काही चालत नाही. काकू बहिणीशी फोनवर बोलत असल्या की हे समोरून खुणा करतात, इथे थांब, आता हस. काकू फोनवर हात ठेवून म्हणतात, "तुम्ही तुमचा चहा प्या."

या काकूंनी गेले काही महिने नाशिकचा ध्यास घेतला होता. मुलाने तिथे मोठं घर घेतलं होतं आणि दुर्गापूजा आटोपली की दोघांनी कायमचं तिकडे जायचं ठरलं होतं. "आता शेजारणीशी मराठीत भांडेन," असं त्या म्हणायच्या. निम्मं स्वयंपाकघर त्यांनी वाटूनही टाकलं होतं. आमच्याकडे पुरणयंत्र आलं.

मग एका रविवारी दुपारी काका खाली आले. घरात मी एकटाच मेथी निवडत बसलो होतो. त्यांना मुलाचा फोन आला होता. सुनेला तिची कंपनी परदेशी पाठवत होती, मुलगाही जाणार होता, नाशिकचं घर भाड्याने देणार होते. परत कधी येणार, काही सांगता येत नव्हतं.

"आईला तुम्हीच सांगा म्हणाला," काका म्हणाले.

"मग?"

"तालीम करू. तू काकू. मेथी निवडत राहा, वर बघू नकोस."

ते दाराबाहेर गेले आणि घसा साफ करून आत आले. "अगं, परिस्थितीपुढे माणसाने..." तिथेच थांबले. "नको. फार लिहिलंय."

पुन्हा बाहेर, पुन्हा आत. "अगं, नाशिकचं जरा लांबलंय."

"म्हणजे? कधी जायचं आता?" मी विचारलं.

काका वैतागले. "हे तुला कुणी बोलायला सांगितलं?"

"काकू विचारतीलच की."

काका खुर्चीत बसले. त्यांच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. मी त्यांना पाणी आणून दिलं, तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जिन्यात भेटले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरंच झालं. मला मेलीला कुठे जायचं होतं? आणि हसली." काकांनी कठड्यावर हात टेकला. "अरे, इतकं वाईट काम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. वाक्य संपायच्या आधीच हसून मोकळी झाली. समोर परातीत तांदूळ होते, निवडून झालेले. तेच पुन्हा निवडत बसली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? म्हटलं, सुटलो बुवा, मलाही तिकडे करमलं नसतं."

"ते जमलं?"

"कसलं जमतंय! तिच्याहून वाईट," काका म्हणाले. "पण तिने चालवून घेतलं."