सोळावर एसी, नव्वदवर कार्ड

न सुटणारं कोडं जगात नसतंच, लोकांना धीर नसतो, असं अभयचं ठाम मत होतं. ऐरोलीच्या आयटी पार्कात बारा वर्षं लोकांचे कॉम्प्युटर ताळ्यावर आणलेला माणूस तो, घरच्या कॉम्प्युटरच्या डब्यापुढे काय हात टेकणार!

डबा बायकोचा, सुचिताचा. एका बिल्डरच्या अजून न बांधलेल्या इमारतीची फिल्म त्यावर तयार होत होती आणि ती चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड सकाळपासून तापलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा होता ब्याऐंशी अंश. पंच्याण्णवला मशीन आपोआप बंद पडणार आणि सहा तासांचं काम पुन्हा पहिल्यापासून. फिल्म चारला पोचली नाही, तर बिल्डर पुढची कामं दुसऱ्याला देणार होता.

"ब्याऐंशीला काही होत नाही. हात लावू नकोस," सुचिता म्हणाली.

"तू जेवून घे. सत्तरवर आणून ठेवतो."

त्याने खिडक्या लावल्या, एसी वीसवर केला आणि स्क्रीनसमोर ठाण मांडलं. पाठीमागे दिवाणावर सासूबाई आडव्या झाल्या होत्या. वेणूबाई गुडघे दाखवायला दिवाळे गावाहून आल्या होत्या.

"जावय, गार लागतंय हो."

"अर्धाच तास, आई. मशीनला ताप आलाय."

"मशीनला?" वेणूबाईंनी गोधडी ओढून घेतली आणि डोळे मिटले.

आकडा शहाऐंशी झाला. गारवा पोचायला वेळ लागतो, अशी अभयने स्वतःची समजूत घातली आणि एसी अठरावर आणला. एकोणनव्वद! मग सोळा. वर आतल्या खोलीतला टेबलफॅनही आणून लावला. खोलीचं बर्फाचं गोदाम झालं आणि आकडा त्र्याण्णववर गेला.

त्याने ऑफिसातल्या तेजसला फोन लावला.

"कार्डाची उष्णता ओढून घेणारी आतली पेस्ट वाळली असेल," तेजस म्हणाला. "बंद करून उघड."

"बंद केलं तर बायको मलाच उघडेल."

तेवढ्यात सुचिता आली. आकडा पाहून तिचा चेहरा उतरला.

"काय केलंस?"

"थंड केलं."

"हे थंड? आधी तो एसी बंद कर, माझी बोटं आखडली."

तिने एसी आणि पंखा दोन्ही बंद केले. दहा मिनिटं आकडा चौऱ्याण्णववर अडून बसला. खोली उबायला लागली, तशा वेणूबाई झोपेतच पुटपुटल्या आणि त्यांनी पायाने गोधडी भिरकावली.

नव्वद. पंच्याऐंशी. एकोणऐंशी.

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. टेबलाखाली जागा नाही म्हणून मशीनचा डबा दिवाणाच्या पायथ्याशी ठेवलेला होता. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या त्याच्या वरच्या जाळीवरून वेणूबाई आपली पावलं सावकाश खाली घेत होत्या. जसजसा गारठा वाढला, तसतसं त्यांनी पायांसकट सगळा डबाच गोधडीत घेतला होता.

फिल्म चारला दहा कमी असताना गेली. तेजसचा मेसेज आला, 'उतरलं का? काय केलंस?' अभयने बराच विचार करून लिहिलं, 'एसी बंद केला.'

वेणूबाई उठल्या, दोन पावलं चालून बघितली आणि खूश झाल्या.

"जावय, ही पायांची शेगडी लय भारी हाय. गुडघं कसं मोकलं झालं. असली येक मना पन आना."

"यालाच सांग, आई," सुचिता म्हणाली. "पेटवली यानेच."