आमचा गुडघा

धोंडिभाऊंचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. तरीही एस.टी.त, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसलं की ते सुरू करायचे, "मंगळवारी आमच्या गुडघ्याची तारीख हाय." पाहुणा कळवळून त्यांच्या धोतराकडे बघायचा. मग भाऊ ताडकन उठून तिथंच दोन बैठका मारून दाखवायचे. "ह्यो न्हवं राव! आमचा गुडघा घरी हाय."

घरी होता तो गुडघा पारूकाकूंचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा. पण ‘बायकोचा गुडघा’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

वारूळवाडीत मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. प्राथमिक शाळेत शिक्षक असल्यामुळं कोर्टाचे कागद वाचायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बेल्ह्याच्या बैलबाजारात एक टेम्पोवाला मागं न बघताच टेम्पो मागं घेत होता. दावं विकत घ्यायला थांबलेल्या काकू टेम्पो आणि दगडी भिंत यांच्यामध्ये सापडल्या. जीव वाचला, पण ऑपरेशन होऊनही उजवा गुडघा काही वाकेना. मांडी घालणं, उकिडवं बसणं कायमचं बंद झालं. सरकारी डॉक्टरांनी दाखला दिला : चाळीस टक्के कायमचं अपंगत्व.

त्या दिवसापासून टक्के भाऊंच्या जिभेवर जाऊन बसले. "आज पाऊस वीसच टक्के झाला." "आमटीत मीठ दहा टक्के कमी हाय, पण कायमचं न्हाई." कुणाच्या पोराचा हात मोडला की घरचे हाडवैद्याकडं पळायचे आणि भाऊ त्यांच्या मागं. "आधी कागद करा! पंचनामा झाला का? गाडीचा नंबर लिवला का?" लोक हसायचे, पण नंबर लिहून घ्यायचे.

भरपाईचा दावा पुण्याच्या कोर्टात लागला. आमचे वकील शांत स्वभावाचे होते. त्यांनी पहिल्याच भेटीत भाऊंच्या टक्क्यांना सुरुंग लावला. "हे चाळीस टक्के पायाचे. कोर्ट विचारणार, त्यामुळं काम किती बुडालं? हाच गुडघा खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाचा असता तर फारसं काही बुडालं नसतं. हमालाचा असता तर सगळंच बुडालं असतं."

"म्हंजी गुडघ्याची किंमत गुडघ्यावर न्हाई?"

"नाही. गुडघ्यावर उभं राहून माणूस काय करतो, त्यावर."

हे वाक्य भाऊंनी वारूळवाडीपर्यंत स्वतःशी घोकलं. पण कोर्टात साक्षीला उभे राहिले तेव्हा नेमके विसरले. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या पत्नी काय काम करतात?"

भाऊ म्हणाले, "काम? काय नाय. घरीच असती."

वकील हसून खाली बसले. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मग काकूंची साक्ष झाली. त्यांनाही तोच प्रश्न. काकूंनी पदर सावरला आणि नवऱ्याच्या शब्दाला शब्द जोडला, "घरीच असते जी."

पुढच्या तारखेला विमा कंपनीकडून तडजोडीचा कागद आला. रक्कम थोडी, पण लगेच मिळणार होती. मी वाचत वाचत एका ओळीपाशी आलो : ‘जखमी स्त्री कोणतेही काम करीत नसल्याने...’

"थांबा गुरुजी." भाऊंचा चेहरा उतरला. "हे त्यांचं म्हननं का माझं?"

"तुमच्या साक्षीतलंच आहे, भाऊ."

भाऊंनी कागदाची घडी घातली. "असल्या कागदावर सही नाय करायची. आमचा गुडघा बिनकामाचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बघतो तर हा पंचावन्न वर्षांचा मिशीवाला, चार एकरांचा मालक, उकिडवा बसून सडा-सारवण करतोय! काकू बाजेवरून ओरडत होत्या, "अवो, लोक बघत्यात!" भाऊ म्हणाले, "बघू दे. मी मोजतोय." आठ दिवस त्यांनी काकूंचं अपघाताआधीचं एकूण एक काम केलं आणि प्रत्येक कामात गुडघा किती वेळा वाकवावा लागतो ते मोजलं. चूल, धुणं, वैरण, कांद्याची खुरपणी. प्रत्येक वेळेला ज्वारीचा एक दाणा बंडीच्या खिशात. संध्याकाळी दाणे माझ्यापुढं ओतायचे आणि मी ते शाळेच्या वहीत उतरवायचो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, खिसा फाटला वजनानं." आठव्या दिवशी मात्र त्यांना उठता येईना, तेव्हा काकूंनीच त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं.

वकिलांनी अर्ज करून त्यांना पुन्हा साक्षीला उभं केलं. या खेपेला भाऊ इस्त्रीची टोपी घालून आले होते.

"मागच्या येळंला मी चुकीचं बोललो, साहेब. ती घरी असती, पर बसून नसती."

विमा कंपनीचे वकील म्हणाले, "घरकामात असा कितीसा गुडघा लागतो?"

"दावतो की." असं म्हणून भाऊ साक्षीच्या पिंजऱ्यात खाली बसले ते दिसेनासेच झाले. आतून आवाज आला, "ही चूल पेटवली." टोपी वर आली. "ही घागर आनली." टोपी खाली गेली. "ही भाकरी." वर. "ह्ये शेन." खाली. कोर्ट हसायला लागलं. न्यायाधीशही आधी हसले, मग त्यांनी हसू आवरलं आणि लिहायला घेतलं. टोपी वर-खाली होत राहिली. हळूहळू हसणं थांबलं. भाऊ धापा टाकत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही नुस्ती सकाळ झाली."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या अनोळखी माणसाला मी उगाचच सांगितलं, "आमच्या शेजारी राहतात हे." छाती माझी फुगली होती.

निकाल लागला तेव्हा नवं शतक उजाडून बरीच वर्षं झाली होती. दावा मंजूर झाला. भाऊंनी ओट्यावर चार माणसं जमवली आणि मला निकाल मोठ्यानं वाचायला लावलं. गृहिणीच्या श्रमालाही मोल असतं आणि गुडघा गेल्यामुळं अपघाताच्या दिवसापासून त्या श्रमाची हानी झाली, असं कोर्टानं लिहिलं होतं. तेवढं वाक्य मी पाच वेळा वाचलं. भाऊ दर वेळेला मिशीवर हात फिरवून माणसांकडं बघायचे. काकू दाराआड उभ्या होत्या.

पेढे खाऊन माणसं पांगली. भाऊ कागद मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

"गुरुजी, ह्यात अपघाताच्या दिवसापासनं धरलंय, न्हाई का?"

"हो. कायदा तसाच आहे."

"आन् त्याच्या आधीची तीस वर्सं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "गुडघा चांगला व्हता, रोज वाकत व्हता, आन् मी त्याच्याकडं कधी बघितलंबी न्हाई. त्याचा अर्ज कुठं करायचा?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. वर बघितलं तर मिशी थरथरत होती.

"काय म्हनत्यात हे?" आतून काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू," मी म्हणालो. "कायद्यातलं विचारताहेत."

"लागला की निकाल," काकू म्हणाल्या. "आता आनिक काय राह्यलं?"