जमादाराच्या पाठीवरचं पत्रक

सेलूच्या आपल्या घरातलं तळघर बुजवून टाकायचं, असं दिनकररावांनी ठरवलं होतं. ओलीचे तोटे त्यांनी हैदराबादेत कॉलेजात असताना वाचले होते. पण बायकोची, मनकर्णाबाईंची, विड्याची पानं तिथं आठवडाभर टवटवीत राहत, मटकीला एका रात्रीत मोड येत. म्हणून बुजवणं तहकूब झालं. (त्यांच्या घरातल्या सगळ्याच क्रांत्या अशा तहकूब होत.)

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात निजामाविरुद्धची दोनशे पत्रकं त्यांनी त्याच तळघरात दडवली. मजकूर स्वतःचा, शाई जांभळी. तीन दिवसांत गठ्ठा ओलाकच्च झाला, तेव्हा वाळावीत म्हणून त्यांनी ती तिथल्याच दगडी कट्ट्यावर पसरली. (तळघरात वाळत घालायचं पदवीधरालाच सुचतं.) आणि त्याच दुपारी झडतीला जमादार आला.

कंदील घेऊन तो खाली उतरला. दिनकररावांना डोळ्यांपुढे तुरुंग दिसू लागला.

"ये कागजां कायके?"

"रद्दी हाय, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कट्ट्याला ओल लय, म्हणून अंथरलीय. उन्हातून आलाव, टेका जरा."

जमादाराला मराठी वाचता येत नव्हतं. गारवा मात्र कळत होता. कोट काढून तो कागदांवर आडवा झाला आणि तासभर घोरला. उठला तो खूश होऊन, कोट हातावर टाकून निघाला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत दिनकररावांचं पत्रक जांभळं उमटलं होतं.

"आता काय करायचं?" दिनकरराव कुजबुजले.

"छत्री घ्या, आन् जावा मागं."

भर बाजारातून दिनकरराव जमादाराच्या पाठीला चिकटून, छत्री मागे कलती धरून चालले.

"अरे, तकलीफ कायकू?" जमादार सुखावला.

कापसाचे आडते व्यंकटराव यांनी मात्र पेढीवरून ती पाठ हेरलीच. चष्मा लावून त्यांनी ती निरखली.

"काय लिवलंय, मालक?" हमालानं विचारलं.

"मराठी न्हाई ते. सरकारी कायतरी असंल."

तेव्हा कुठे दिनकररावांच्या ध्यानात आलं, की छाप उलटा उमटलाय. एवढं हायसं त्यांना बी.ए. पास होऊनही वाटलं नव्हतं. (आपलं लिखाण कुणालाच वाचता आलं नाही, याचा आनंद झालेला हा पहिलाच लेखक असावा.)

"काय दिनकरराव," व्यंकटरावांनी हाक मारली, "एवढं शिकून शेवटी जमादाराची छत्री धरायलाव?"

सगळी पेढी बघत होती. जमादारही ऐटीत थांबला.

दिनकररावांनी छत्री सावरली.

"आजच लागलो," ते म्हणाले.