पडेगावची पसंती

बद्रीनाथच्या घरात तात्यांच्या कानावर पडू नये असं काही बोलायचं असलं, की स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला जायचा. अलीकडे तर गॅस बंद असतानाही फॅन चालू असायचा.

"वृद्धाश्रम म्हणू नका हो," सुलेखा म्हणाली. "कसंतरीच वाटतं ऐकायला. सिनियर लिव्हिंग म्हणा."

"बरं, सिनियर लिव्हिंग. पण लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना सांगायचंच कशाला? आणि आपण काय आपल्या सुखासाठी करतोय का? त्यांच्याच भल्यासाठी."

ज्यांचं भलं होऊ घातलं होतं ते सखारामतात्या, बद्रीनाथचे वडील, त्या वेळी बाल्कनीतल्या खाटेवर बसून रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून भाव करत होते. तात्या पैठण डेपोचे रिटायर्ड कंडक्टर. नोकरी सुटली तरी आवाज सुटला नव्हता. दाराशी कुणीही आलं, की "पुढं सरका, आत लई जागा हाय" म्हणून ते त्याला थेट सोफ्यावर बसवायचे. मग तो कुरिअरवाला असो की चुकून आलेला गॅसवाला. गेल्या महिन्यात सुलेखाची भिशी होती. बायका गुलाबजामची तारीफ करत होत्या, तेवढ्यात बनियनवर तात्या आले आणि म्हणाले, "खा खा, कालपरवाचेच हायत, पण बिघडले नाय अजून." त्या दिवशी सुलेखाचा निश्चय झाला.

खरं म्हणजे तात्यांना एक खोली होती. तिच्यात आधी 'थोड्या दिवसांसाठी' ट्रेडमिल आली. तिच्यावर कपडे वाळू लागले, मग तिच्या सोबतीला सुटकेसा आल्या, आणि शेवटी 'हवा चांगली लागते' म्हणून तात्यांची खाट बाल्कनीत गेली. सोयगावला बद्रीनाथची बहीण होती. तिने कितीदा बोलावलं होतं, पण तात्या जुन्या वळणाचे. दिलेल्या लेकीच्या घरचं ते पाणीसुद्धा पीत नसत. सोयगावला जाताना स्वतःची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचे. म्हणजे ती वाट बंदच होती.

मग सुलेखाने मोबाइलवर 'आनंदसावली' शोधून काढलं. पडेगावला बंगला, आठच माणसं, अंगणात झाडं, आणि मुख्य म्हणजे स्वतःची बोअर. ज्या शहरात नळाला पाणी येणं हा सणवार असतो, तिथं हे फारच झालं. फक्त बंगला चालवणाऱ्या निशाताई फोनवर जरा फटकळ निघाल्या.

"माणूस बघितल्याशिवाय मी घेत नाही. आणि त्याला जागा आवडली पाहिजे. रडत आणलेलं माणूस मी त्याच गाडीनं परत पाठवते."

आता आली पंचाईत. तात्यांना तिथं न्यायचं, त्यांना ती जागा आवडायला हवी, आणि जागा कसली आहे ते त्यांना कळता कामा नये. बद्रीनाथने फॅनचा वेग वाढवला. शेवटी युक्ती सुलेखालाच सुचली.

"राजनंदिनीसाठी मुलगा बघायला चाललोय म्हणून सांगा. उड्या मारत येतील."

राजनंदिनी ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला नोकरी करणारी. तिचं लग्न हा तात्यांचा रोजचा घोष होता. "नंतर काय, मुलाकडच्यांनी नाही म्हटलं म्हणून सांगू," सुलेखाने पुढचंही ठरवून टाकलं.

तात्या उड्या मारत आले नाहीत, पण बाकी सगळं केलं. ठेवणीतलं धोतर काढलं, कोट झटकला, टोपीला इस्त्री करून घेतली. "मोकळ्या हातानं जात नसत्यात," म्हणून नारळ आणि पेढे आणायला लावले. आणि जिना उतरता उतरता प्रत्येक दारावर टकटक करून, "नातीला पोरगं बघाया चाललो, पडेगावला," असं सांगत उतरले. गाडीपाशी पोहोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर राजनंदिनीला सत्तावीस गुलाबाची फुलं आली होती. बद्रीनाथच्या कपाळाला घाम आला, पण आता मागं फिरायचं तरी कोणत्या तोंडानं?

पडेगावला त्याने गाडी अशी लावली, की फाटकावरच्या पाटीचा अर्धा भाग बोगनवेलीआड आणि अर्धा गाडीच्या टपाआड गेला. सुलेखाने तात्यांचा हात धरून त्यांना घाईने आत नेलं. बद्रीनाथ निशाताईंच्या कानाशी लागला. "त्यांना अजून सांगितलेलं नाही. प्लीज, सांभाळून घ्या."

निशाताईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सगळेच असं म्हणतात. मी खोटं बोलणार नाही. पण तुम्ही बोललात तर मधेही पडणार नाही."

ओसरीवर तीन आजोबा पेपरची पानं वाटून घेऊन वाचत होते. एक आजी शेंगा फोडत होत्या. पलीकडे एक धिप्पाड तरुण मांडी घालून बसला होता आणि एका आजोबांचा पाय मांडीवर घेऊन त्यांची नखं कापत होता.

तात्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही सगळी घरचीच माणसं?"

"माझीच म्हणायची," निशाताई म्हणाल्या.

"अन् हे पोरगं?"

"हा माझा मुलगा, वैजनाथ. फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखाना, बाकी वेळ इथं."

"लग्न झालंय?"

"कुठलं! मुली बंगला बघून हो म्हणतात, आणि ओसरी बघून नाही."

"हात थांबवू नको बाबा," तात्या वैजनाथला म्हणाले. "त्यांचा अंगठा राह्यलाय."

नखं कापून घेणारे अण्णा म्हणाले, "हा पोरगा लई हळू कापतो. माझ्या स्वतःच्या पोरानं एकदा कापली व्हती, तर रगत काढलं."

तेवढ्यात नाश्त्याची वेळ झाली आणि पोहे आले. तात्यांनी सुलेखाकडे 'बघ, रीतभात आहे' अशा नजरेनं पाहिलं. मग त्यांनी निशाताईंचं माहेर विचारलं, माहेरचं आडनाव विचारलं, मामांचं गाव विचारलं, आणि पोह्यांची दुसरी बशी संपायच्या आत दोन्ही घरांची सोयरीक जुळते असा निकाल दिला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याला दोन माणसांमध्ये नातं काढायला याहून जास्त वेळ लागत नाही.

बद्रीनाथ मनातून खूष होता. तात्यांना जागा आवडली होती, निशाताईंना तात्या आवडलेले दिसत होते. आता दोन दिवसांनी 'हवापालटासाठी' म्हणून आणून सोडलं की झालं. एवढ्यात तात्या उठले. शेंगा फोडणाऱ्या माईंना म्हणाले, "माई, जरा कुंकू द्या बरं." आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी वैजनाथच्या कपाळाला टिळा लावला, हातात नारळ ठेवला आणि तोंडात पेढा कोंबला.

"माझ्याकडून पसंत! ज्या घरात एवढी म्हातारी माणसं अशी हसत बसत्यात, तिथं माझी नात उपाशी मरायची नाय. बद्री, पेढे वाट."

बद्रीनाथच्या घशात पोहे अडकले. वैजनाथ पेढा गिळावा की थुंकावा या विचारात पडला. ओसरीवर मात्र दिवाळी आली. बऱ्याच दिवसांत त्या घरात कुणाचं लग्न निघालं नव्हतं. माई डोळे पुसू लागल्या आणि अण्णा एक पाय वर धरून तारखा सुचवू लागले.

निशाताईंनी बद्रीनाथला कोपऱ्यात घेतलं. "हे काय आहे?"

करायला गेला एक आणि झालं भलतंच, ते सगळं बद्रीनाथने दोन वाक्यांत कबूल केलं. निशाताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसताहेत की चिडल्यात हे त्याला कळेना. तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला, "विहीणबाई, आम्ही तुमचं घर बघितलं. आता रविवारी तुमी आमचं बघाया या. रीतच हाय तशी."

"येणार!" निशाताई बद्रीनाथकडे बघत म्हणाल्या. "नक्की येणार. घर तर बघायलाच पाहिजे."

रविवारपर्यंत त्या घरात जी उलथापालथ झाली तशी गृहप्रवेशालाही झाली नव्हती. मुलीचं घर बघायला येणारे म्हातारं माणूस कुठं झोपतं ते बघणार, आणि त्यात या बाईंचा तर तो धंदाच. तात्यांची खाट बाल्कनीतून खोलीत आली आणि ट्रेडमिल खोलीतून बाल्कनीत गेली. सुटकेसा माळ्यावर चढल्या. नवी चादर, नवी उशी, नवा पडदा. पुण्याहून राजनंदिनी आली ती पायातल्या चपलांसकट बोलत आली.

"सत्तावीस जणांनी अभिनंदन केलंय माझं! कुणाशी करताय लग्न? खरं सांगा."

फॅन लावून तिला खरं सांगितलं. ते ऐकून ती आई-बापांकडे नुसती बघत राहिली. बद्रीनाथला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

"येऊ देत त्यांना," ती एवढंच म्हणाली. "मलाही बघायचंय, कोण नखं कापतो ते."

निशाताई आल्या त्या वैजनाथला आणि 'घरची मोठी माणसं' म्हणून अण्णा आणि माईंना घेऊनच. सुलेखाने केलेल्या खाऱ्या शंकरपाळ्यांकडे कुणी पाहिलं नाही. अण्णा सरळ बाथरूममध्ये शिरले आणि आतून म्हणाले, "धरायला दांडी नाय हो इथं. म्हातारं पडलं म्हंजे?" माईंनी गादी दाबून पाहिली. "उशाला पाण्याचा तांब्या नाय. रात्रीचा बारका दिवा नाय." निशाताईंनी खिडकी उघडून ऊन कुठवर येतं ते पाहिलं आणि विचारलं, "तात्या, ही खोली कधीपासून तुमची?"

सुलेखाने डोळे मिटले.

"पहिल्यापासून," तात्या म्हणाले. "मधी चार दिस रिपेरीला दिली व्हती."

हे ऐकून बद्रीनाथला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने आधी दांडी बसवून घेतली. इकडे त्या रविवारी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी बोलायला गेलेले राजनंदिनी आणि वैजनाथ चहा गार होऊन दुसरा झाला तरी खाली आले नव्हते. आले ते दोघंही हसतच.

"मला चालेल," राजनंदिनी म्हणाली. "पण आजोबांच्या पसंतीनं म्हणून नाही. माझ्या."

एप्रिलमध्ये कुंकवाचा कार्यक्रम होऊन सोयरीक पक्की झाली. त्या रात्री सुलेखाने पुन्हा फॅन लावला.

"आता घरचंच झालं की हो आनंदसावली. निशाताई नाही म्हणतील का?"

"वेड लागलंय का तुला?" बद्रीनाथ म्हणाला. "पोरीच्या सासरी तिच्या आजोबाला ठेवायचं? सगळ्या पाहुण्यांत छी-थू होईल."

"मग दुसरीकडे कुठंतरी बघू."

"दुसरीकडे ठेवलं तर विहीणबाई विचारतील, आमच्यात काय कमी होतं?"

फॅन तेवढा फिरत राहिला. बाहेरून तात्यांचा आवाज आला, "बद्री, चूल बंद हाय अन् पंखा चालू. बिल कोण भरणार?"

मे महिन्यात लग्नाची तारीख धरायला सगळे पडेगावला गेले. ऊन मी म्हणत होतं. निशाताईंनी लिंबू सरबत पुढं केलं. तात्यांनी हात जोडले आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. "आता पोर तुमच्यात दिली. आता नाय."

परतताना बद्रीनाथने गाडी सुरू केली आणि आरशातून मागं पाहिलं. बोगनवेल छाटलेली होती. फाटकावरची पाटी लख्ख दिसत होती: 'आनंदसावली, ज्येष्ठ नागरिक निवास'. त्याच्याच्यानं राहवेना.

"तात्या, एक विचारू? त्या दिवशी... ही पाटी तुम्हाला दिसली होती का?"

तात्या बाटलीचं बूच लावत होते. "बद्री, सारी उमर एसटीला पाट्या लावल्या म्या. गाडी कुठं चाललीय ते न बघता मी बसंन व्हय?"

सुलेखा खिडकीबाहेर बघू लागली. बद्रीनाथने सुरू केलेली गाडी बंद केली.

"पोरगं मात्र खरंच चांगलं हाय," तात्या म्हणाले. "तेवढं काय म्या मुद्दाम नाय केलं. चल, काढ गाडी. अन् घरी गेल्यावर ते पळायचं यंत्र विकून टाक. बाल्कनीत सकाळच्या उन्हाला बसाया जागा राह्यली नाय मला."