पतंगफळीची कामतघरातील कामगिरी

उत्तर न दिलेल्या पत्राचे वजन रोज थोडे थोडे वाढत जाते, असे माझे निरीक्षण आहे. (निरीक्षण चुकीचेही असेल. माझ्याकडे तराजू नाही.) असे एक पत्र माझ्याकडे अकरा महिने होते. ते मी शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवले होते, कारण तो खंड कोणी उघडत नाही. पुढे ते दिसू नये म्हणून मीही तो उघडायचे सोडले, आणि त्या खंडातल्या सगळ्या शब्दांचे अर्थ मला अकरा महिने अंदाजाने लावावे लागले.

पत्र जलक्रीडा प्रोत्साहन कक्षाचे होते. मजकूर एकच वाक्य: 'आपल्या संस्थेस पुरविण्यात आलेल्या पतंगफळीची, वारा व पाणी यांच्या निरनिराळ्या स्थितींमधील कामगिरी विहित नमुन्यात तीस दिवसांत कळवावी.'

संस्था म्हणजे कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीतले आमचे वाचनालय. एक खोली, दोन बाके, चार वर्तमानपत्रे आणि मी, म्हणजे चिटणीस. पतंगफळी म्हणजे ज्याला काइटबोर्ड म्हणतात ते. पाय फळीच्या पट्ट्यांत अडकवायचे, कमरेला भलामोठा पतंग बांधायचा, आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून सरकत जायचे, असा हा खेळ आहे. मी तो पाहिलेला नाही. वाचला आहे.

ही वस्तू आमच्याकडे माझ्या प्रामाणिकपणामुळे आली. एका सरकारी अर्जात प्रश्न होता: 'संस्थेजवळ वाहते पाणी आहे काय?' मला वाटले, पुस्तकांना ओल लागते का याची ही चौकशी आहे आणि लोखंडी कपाट मिळणार आहे. मी तीन दिवस विचार केला. वाचनालय आणि समोरची चाळ यांच्यामध्ये साडेतीन फूट रुंदीचे गटार आहे. त्यात पाणी आहे. ते वाहते. (उन्हाळ्यात जरा सावकाश.) मी लिहिले, 'आहे, दारातच.' पुढचा प्रश्न होता, 'वारा?' तिथे लिहिले, 'खिडक्या दोन.'

कपाट आले नाही. साडेचार फुटांची एक फळी, खोलीत न मावणारा एक पतंग आणि चोवीस-चोवीस मीटरच्या चार दोऱ्या आल्या.

आमच्याकडे कोणापुढेही कापड आले की माणूस आधी ते बोटांत धरून चोळतो आणि मग हे काय आहे म्हणून विचारतो. शेजारच्या टेम्पोवाल्या हिरामणने पतंग चोळला आणि पुढचे विचारलेच नाही. "चिटणीस, माल कडक हाय. थेंब जायचा न्हाय यातून," असे म्हणून तो तागे झाकायला घेऊन गेला. दोऱ्या चाळीने कपडे वाळत घालायला नेल्या. फळी मी भिंतीला टेकवून रोज पुसत असे.

आनंदीबाई समोरच्या चाळीत राहतात. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून जुने. रस्त्याने फिरून वाचनालयात यायला वीस मिनिटे लागतात, म्हणून त्या दोन वर्षे आल्याच नव्हत्या. एके दिवशी त्या गटारापलीकडून ओरडल्या, "अहो चिटणीस, काय पूजा मांडलीय त्या फळीची? टाका की इकडे आडवी!"

मी टाकली. फळीच्या खालून माशाच्या परांसारखे चार तुकडे असतात. ते गटाराच्या काठात असे घट्ट बसले, की जलक्रीडेच्या वस्तू बनवणाऱ्यांना गटारांचा अनुभव असावा अशी मला शंका आली. त्यापूर्वी आमची रोजची वाचकसंख्या एक होती. (मी.) त्यानंतर ती चौदा झाली. आनंदीबाई पहिल्या येतात आणि निधनवार्तांपासून सुरुवात करतात.

म्हणजे कामगिरी चांगली होती. पण ती विहित नमुन्यात कशी बसवावी, या विचारात अकरा महिने गेले. मग परवाच्या बुधवारी कक्षाचे मितेश फाइल घेऊन आले. गटारावर मध्येच थांबून त्यांनी विचारले, "वाचनालय हेच ना? तुमचा काइटबोर्ड कुठाय?"

मी त्यांच्या बुटांकडे पाहिले.

"त्याच्यावरच उभा हायस की रे मेल्या," आनंदीबाई पेपरातून मान न काढता म्हणाल्या.

मितेश घाईने उतरले. "आजी, वापर काय चाललाय ते मी नाय बघितलं. पण रिपोर्ट पाहिजे. शनिवारच्या चारच्या टपालाने निघाला पाहिजे. नाय तर सोमवारी गाडी येणार, माल परत नेणार."

"इथेच हातात दिला तर?" मी विचारले.

"पोस्टाचा शिक्का लागतो, काका."

ते गेल्यावर आनंदीबाईंनी पेपराची घडी घातली. "फळी गेली की मी परत पलीकडे. मागची दोन वर्षं मी भिंत बघत काढली, चिटणीस. आता तशी दोन वर्षं माझ्याकडे शिल्लक आहेत का, ते तुम्हीच सांगा."

मी खंड तिसरा उघडला.

अहवालाचा गोषवारा असा. त्यात एकही वाक्य खोटे नाही. (दोनदा तपासले. तिसऱ्यांदा तपासायला वेळ नव्हता, याची रुखरुख आहे.)

शुक्रवारचा वारा: या दिवशी लूम (म्हणजे यंत्रमाग) बंद असतात, त्यामुळे त्यांचे पंखे बंद आणि वारा नाही. अशा स्थितीत पतंग घडी घालून ठेवल्यास उत्तम राहतो.

लूमचा वारा: बाकीचे सहा दिवस. हा पंख्यांतून येतो, त्याची दिशा व वेग वर्षभर कायम असतो, आणि असा विश्वासू वारा समुद्रावर मिळत असेल असे वाटत नाही. दोऱ्यांवरचे कपडे चाळीस मिनिटांत वाळतात. मात्र सगळ्यांवर सुताचे सारखेच तूस बसत असल्याने कोणाचा टॉवेल कोणता हे कळत नाही. (परिणाम: भांडणे दोन, सोयरीक एक.)

हायवेचा वारा: हा मागून येणाऱ्या कंटेनरच्या धक्क्याने सुटतो. पडघ्याच्या अलीकडच्या चढावर पतंगाची एक बाजू सुटून तो टेम्पोवर उभा राहिला. हिरामणचा जबाब जोडला आहे: "आयच्यान सांगतो, पाय ॲक्सिलेटरवर नव्हता! टेम्पो आपला चढतोय, चढतोय. मागचा कंटेनरवाला बोंबलतोय, 'अरे भाई, शादी का मंडप लेके कहाँ जा रहा है?'" पतंगाने एक टेम्पो, बावीस तागे व एक चालक दोनशे मीटर ओढले. फळी त्या वेळी कामतघरात होती, त्यामुळे तिच्या कामगिरीवर परिणाम झाला नाही.

आता पाणी. गटाराचा रंग त्या दिवशी कुठे कोणते कापड रंगले यावर अवलंबून असतो. निळ्या व लाल पाण्यावरील फळीच्या कामगिरीत फरक आढळला नाही. फक्त तिचे चार पर आता मोरपंखी झाले असून आधीपेक्षा बरे दिसतात. लाटा सकाळी सातला, शिफ्ट सुटून सगळे एकदम आंघोळीला बसले की उठतात. उंची दोन इंच. जुलैत मुसळधार पावसाच्या दिवशी फळी चार इंच पाण्याखाली जाते व वाचक पाय चाचपत येतात. फळीच्या मूळ उपयोगाच्या सर्वांत जवळ जाणारी स्थिती हीच.

दोन रकाने रिकामे राहिले. नववा रकाना: 'अहवाल देणाऱ्याने स्वतः फळीवर उभे राहून कापलेले अंतर.' मी वाचनालयाच्या मागच्याच खोलीत राहतो. टपालपेटी चाळीच्या भिंतीवर आहे, आणि मी नेहमी रस्त्याने फिरून जातो. फळीवर मी कधी पाय ठेवलेला नाही. ती माझे वजन पेलेल, यावर माझा विश्वास होता. मी ते नीट वाहून नेईन, यावर नव्हता.

शनिवारी सही करून घड्याळ पाहिले तर चारला दहा मिनिटे कमी. रस्त्याने वीस मिनिटे. पलीकडे आनंदीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा."

मी चाळीस वर्षांत कोणाकडे इतका वेळ सरळ पाहिले नव्हते. मी एक पाय ठेवला.

"पट्ट्यात नका घालू पाय, अडकाल! दुसरा आणा. आणा की! तो काय पोस्टाने येणाराय?"

मध्यावर फळी किंचित वाकली. मी परत फिरायचा विचार केला, पण फिरण्यासाठी जागा मितेशइतक्या सडपातळ माणसालाच पुरते. मग पुढे गेलो.

पेटीवर कागद टेकवून रकाना भरला. अंतर: साडेतीन फूट. वेळ: चार मिनिटे. वेग: ताशी सोळा मीटर.

उरला दहावा. 'निरीक्षक: परगावचा असावा, फळीशी त्याचा हितसंबंध नसावा, त्याने सदर कामगिरीची सर्व हकीकत मध्ये न उठता शेवटपर्यंत वाचलेली असावी.' असा माणूस आमच्या माहितीत नव्हता. पेटी रिकामी करणारा टपालवाला सायकलवरून उतरत होता. मला त्या क्षणी आपली, म्हणजे हे वाचणाऱ्याची, आठवण झाली. नाव ठाऊक नसल्याने नुसते 'वाचक' असे लिहिले आहे.

मी थांबावे असे आपण म्हणाला असतात, तर थांबलो असतो. सोमवारी गाडी आलीच, तर फळी राहू द्यावी का हे कक्षाचे लोक आपल्याला विचारतील. फळी पाहायला यायचे झाल्यास शक्यतो शुक्रवार सोडून यावे (वारा नसतो), आणि पांढरे कपडे नकोत. आनंदीबाई पलीकडे हात द्यायला उभ्या राहतील. आता नाव खोडता येणार नाही. पत्र पेटीत पडले आहे.